बारा वाजून चार मिनिटं

त्रिशलानं पिशवी उलटसुलट केली, तारीख वाचली,
आणि अर्धा लिटर दूध सिंकमध्ये सोडलं.
जाळीपाशी एक पांढरा भोवरा झाला, मग तोही गेला.
मी टेबलाशी शेंगा फोडत बसलो होतो.
काही बोललो नाही.

सव्वीस वर्षं ती तारीख मी छापलीय.
पलूसच्या अलीकडं, डेअरीत, रात्रपाळीला,
तीन नंबरच्या मशीनवर.
रबरी आकडे चिमट्यानं बसवायचे,
शाई वाळली की रॉकेलचा बोळा फिरवायचा.
हिला वाटतं, दुधाला विचारून कुणी लिहिलंय.
दुधाला कुणी विचारत नाही, पोरी.

रात्री बाराला मी मशीन थांबवायचो,
चारचा पाच करायचो,
आणि बारा वाजून चार मिनिटांनी पुन्हा बटण.
वर टाकी तीच. दूधही तेच,
दुधोंडीचं, बुर्लीचं, आमणापूरचं,
एकात एक मिसळून गारठलेलं.
अलीकडची पिशवी एका दिवसानं म्हातारी,
पलीकडची एका दिवसानं तरुण.
मधे फक्त माझा चहा व्हायचा.

किती दिवस धरायचे ते वरचे साहेब ठरवायचे.
टेम्पो तासगाव फाट्यावर उन्हात अडकेल,
दुकानदार बिल वाचवायला रात्री फ्रीज बंद करेल,
कुणी पिशवी डिकीत विसरून लग्नाला जाईल,
हे सगळं धरून,
वर भीतीपोटी आणखी एक दिवस कापून.
चुकीचं नव्हतं ते.
पण ती दुधाची तारीख नव्हती,
रस्त्याची होती.

आमच्या आईचं घटकांवर चालायचं.
धार काढली की दोन घटकांत दूध तापलंच पाहिजे,
नाहीतर घरात कुणी ओठाला लावणार नाही.
घड्याळ नव्हतं. उंबऱ्यावरचं ऊन बघायची.
आणि रात्रीच्या दुधावर वाकून
डोळे मिटून एक श्वास घ्यायची,
देवळात घेतात तसा.

त्रिशलाचंही खरं आहे.
अर्हा दोन वर्षांची असताना गाड्यावरची लस्सी प्याली
आणि मिरजेच्या दवाखान्यात तीन रात्री सलाईन.
त्या खाटेशेजारी बसलेली बाई
आकड्यावरच विश्वास ठेवणार.

मंगळवारी पुन्हा कालची तारीख तिच्या हातात.
म्हटलं, थांब. आधी हुंग. मग तापव.
"आणि नासलं तर, आप्पा?"
तर तेच सांगेल.
आम्ही दोघं गॅसपाशी उभे,
परीक्षेचा निकाल लागावा तसे.

नासलं.

त्रिशला हसली. मीही हसलो, काय करणार?
मग विचारलं, पिशवी होती कुठं?
फ्रीजच्या दारात, सॉसच्या बाटलीशेजारी,
दिवसातून पन्नास वेळा उघडणाऱ्या दारात.
आणि सोमवारी शंभर फुटीला तीन तास लाईट नव्हती.
हे सगळं आकड्याला कुठून कळणार?

घाण वास असता, चमच्याला तार सुटली असती,
तर मीच मोरीत ओतलं असतं.
हे नुसतं आंबूस, तापता तापता फुटलेलं.
साखर टाकली, वेलदोडा ठेचला,
आटवत बसलो अर्धा तास.
अर्हानं पातेलं बोटानं पुसून खाल्लं
आणि उद्या पण नासव म्हणाली.

आता दूध खालच्या कप्प्यात असतं, अगदी मागं,
आणल्या आणल्या तापवून, झाकणाच्या पातेल्यात.
पिशवी कापताना त्रिशला तारीख अजून वाचते.
वाचावीच.
फक्त ती गेलेली असली, तर पातेल्यावर वाकते, डोळे मिटते.
मी तेव्हा दुसरीकडं बघतो.

रात्री बाराला मला अजून जाग येते.
फ्रीज घुमत असतो.
तिकडं तीन नंबरवर कुणीतरी आत्ता
चारचा पाच करत असेल,
आणि वर टाकीत दूध,
गार, गप्प,
उद्या उजाडलाय हे त्याच्या गावीही नाही.