पेल्यांचा हिशेब

त्या सोमवारी एकशे चाळीस.
आधीच्या सोमवारी एकशे साठ, दोन फुटलेले धरून.
मी जहऱ्यात एका दिवाणियात कॉफी ओततो,
राजकारणातलं मला एवढंच कळतं:
रात्री किती पेले धुवायला पडले.

इथे मला रफीक म्हणतात. मी मकबूल, बाणकोटचा.
पण सतरा वर्षं झाली,
रफीक म्हटलं तरी मान आपोआप वर होते.

अबू मुतलक जुन्या वळणाचे.
सिग्नलला शेजारी गाणं लागलं तर काच वर घेणारे.
शिस्त हा शब्द असा उच्चारायचे
जशी दाढेखाली वेलची फोडावी.
पोलिसांचं बजेट आलं की सभागृहात पहिला हात त्यांचा.
जलीबमध्ये आमच्या लोकांच्या खोल्यांवर पहाटे चिलखती गाड्या आल्या,
माझ्या मेव्हण्याला चड्डीवर रस्त्यात बसवलं
(कार्ड होतं, पण ते पँटीत, आणि पँट खोलीत),
तेव्हा ह्याच गादीवर टेकून ते म्हणाले होते,
बरं झालं, शहर साफ होतंय.
मी ओतत होतो. किटली डाव्या हातात, पेले उजव्यात.
थेंब सांडला नाही.

मग निवडणुकीच्या तोंडावर त्याच गाड्या
त्यांच्या टोळीच्या तंबूपाशी थांबल्या.
आत म्हातारे आपसात उमेदवार ठरवत होते,
जे कायद्याला चालत नाही, पण आजोबांपासून चालत आलंय.
तोंड झाकलेली पोरं उतरली, गुडघ्यांना ढाली, बंदुकीला दुर्बीण,
आणि ऐंशी वर्षांच्या काकांच्या डोक्यावरचा इगाल
वाळूत पडला.
कोणी उचलला नाही. उचलणार कसा, त्यावर बूट होता.

अबू मुतलक सभागृहात उभे राहिले.
"चोर पकडायला शिट्टी पुरते," म्हणाले,
"ज्याच्या दारात लढाईची गाडी लावाल, तो उद्या लढायलाच उठेल.
आमचीच पोरं घेता आणि आमच्यावरच नेम धरायला शिकवता?"
मी मुदपाकखान्यात बघत होतो, टीव्हीचा आवाज बारीक करून.
खोटं कशाला बोलू, घसा भरून आला.
त्यात जलीब नव्हतं.
तरी.

नव्वद पेले.
शहरातला तो पेपर, ज्यात ते मासळीसुद्धा गुंडाळू देत नसत,
त्यानं पहिल्या पानावर त्यांची पाठ थोपटली.
साठ.
लोक कुजबुजले, म्हातारा तिकडे गेला की काय?
आणि ज्यांची पोरं पोलिसात, म्हणजे जवळजवळ सगळेच,
जहऱ्यात घरटी एक गणवेश दोरीवर वाळतो,
ते येत, टेकत, एका घोटात पेला हलवत.
हलवला म्हणजे बास. पूर्वी तिसऱ्यानंतर हलवत.
पुतण्याच्या बढतीचा कागद परत आला. कारण लिहिलं नव्हतं.
एकवीस.

गुरुवारी सख्खा भाऊ आला. मी ओतली.
त्यानं पेला समोर ठेवला आणि हात लावला नाही.
ही त्यांची रीत: मागणं आहे, हो म्हणेस्तोवर पिणार नाही.
मागणं काय ते मलाही माहीत होतं. शब्द मागे घे.
एसी घरघरत होता. कॉफी गार होताना तिचा वासही
हळूहळू उठून जातो, पाहुण्यासारखा.
"आणि काकांचा इगाल?" अबू मुतलकनी विचारलं.
"नवा घेऊन दिलाय," भाऊ म्हणाला.
मग कोणीच बोललं नाही.

तो गेल्यावर मी भरला पेला उचलायला वाकलो.
"रफीक, जलीबमध्ये तेव्हा तुझं कोणी होतं?"
सतरा वर्षांत पहिला प्रश्न, जो कॉफीबद्दल नव्हता.

माझा अकामा त्यांच्या नावावर आहे.
नाही, म्हणालो, कोणी नव्हतं.

उद्या शुक्रवार.
मोठी किटली चढवायची की छोटी,
विचारायचं राहिलं.