खालचा सूर

वडगावात माग थांबतात रात्री साडेअकराला.
त्याआधी रेकॉर्डिंग म्हणजे
माझ्या चार तारा आणि शेजारच्या हावळांचे बारा माग,
लयीला माझ्यापेक्षा पक्के.

मग गादी भिंतीला उभी करतो,
मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवतो,
कानात मूळ गाणं. कानडी आहे,
उद्यमबागच्या फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला
रेडिओवर लागायचं. शब्द अर्धेच कळतात,
पण कडव्याआधी बास जो दोन पायऱ्या उतरतो
तो मला पूर्ण कळतो.

सतरावा टेक. दुसऱ्या तारेवर बोट घसरलं.
अठरावा. कुत्रं.
एकोणिसावा सगळ्यांना पाठवला.

निपाणीहून आक्काचं उत्तर आलं:
बोटंच नुसती हलवूलास की रे, आवाज कुठाय?
खरंय. एवढ्याशा स्पीकरमधून
खालचा सूर बाहेर पडत नाही.
हेडफोन लाव म्हटलं. तिनं अंगठा पाठवला.

अप्पांना तर काहीच ऐकू येत नाही,
चाळीस वर्षांत मागांनी कान खाल्ले.
विसाव्या टेकला मोरीकडून येताना थांबले,
अँप्लिफायरच्या लाकडावर तळवा ठेवला,
चालत्या मागावर ठेवून
कुठला धागा तुटणार ते सांगायचे, तसाच.

गाणं संपेपर्यंत हात काढला नाही.
मग मोठ्यानं, गल्ली जागी होईल असं, म्हणाले,
“मध्ये एकदा पळालास बघ.”

परत ऐकलं.
दुसऱ्या कडव्यात.
अर्धी मात्रा.