माप

वाढलं का?
मला मीटरमध्येच सांगता येतं.
नव्वदच्या सुमारास झेंडा दीड मीटरचा,
सायकलच्या दांडीला पुरायचा.
परवाची ऑर्डर बावीस मीटर.
साखर पेठेत पसरायला जागा नाही,
टॉवेल कारखान्याच्या गच्चीवर नेऊन बेतला.

द्वेष तेव्हाही होता, अंबादास म्हणतो,
फक्त हळू बोलायचा.

असेल.
पण तेव्हाची पोरं दस्तगीरला म्हणायची,
चाचा, शिवण पक्की घाला, वारं लई आहे.
परवाचा पोरगा, आमच्या नरसूबाईचा नातू,
कडेची टीप बोटानं चाचपत विचारतो,
ही कुणी मारली?

मशीननं, मी म्हटलं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

दस्तगीर पलीकडंच बसला होता,
ओवलेल्याच सुईत
पुन्हा दोरा ओवत.