साडेतीन विसा

बंदराच्या कचेरीत संगणक एकच.
खिडकीशी, हीटरला खेटून,
की-बोर्डच्या फटींत मीठ.
त्यात दोन पायथन राहतात,
दोन-सात आणि तीन-बारा.

दोन-सात हानुसचा.
हानुस निवृत्त झाला, पुढच्याच हिवाळ्यात गेला.
त्याचा कप खिळ्याला आहे अजून,
आणि त्यानं लिहिलेला मासळीच्या वाटणीचा हिशोब
रोज संध्याकाळी चालतो,
होड्या क्लाक्सविकच्या धक्क्याला लागल्या की.

तीन-बारा मी आणला,
तोर्सहाव्हनहून करखात्याचे नवे तक्ते आले तेव्हा.
जुन्याला ते उघडेनात.

संगणकाकडे एक यादी असते, तिला वाट म्हणतात.
'पायथन' अशी हाक मारली
की तो त्या वाटेनं दारं ठोठावत जातो
आणि जे पहिलं उघडेल
तेच घर खरं मानतो.
पहिला आठवडाभर
मी हाक मारायचे एकाला,
ओ द्यायचा दुसरा.
एकदा तीन-बारानं हानुसचं पान हाती घेतलं
आणि पहिल्याच 'प्रिंट'वर अडून बसला:
कंस कुठाय? कंसाशिवाय मी बोलत नाही.

मग प्रत्येक फोल्डरात एका ओळीची चिठ्ठी ठेवली.
इथं दोन-सात. तिथं तीन-बारा.
घर एक, चुली दोन.
तेव्हापासून भांडण नाही.

ऑक्टोबरात बॉरडुर म्हणाला,
जुनं काढून टाक, त्याला आता कुणी वाली नाही म्हणे.
मी हानुसच्या सगळ्या ओळींना कंस चढवले,
लहान मुलांना मोजे चढवावेत तसे, एकेक करून.
चाललं. तक्रार न करता चाललं.

'सूलान' त्या दिवशी बाराशे सात किलो घेऊन आली.
वाटे आठ.
दोन-सात म्हणायचा: दीडशे.
तीन-बारा म्हणाला: दीडशे,
आणि टिंबापुढे आठ, सात, पाच.
नव्याचंच बरोबर.
जुना पूर्णांकाला पूर्णांकानं भागतो
आणि उरलेलं टाकतो,
कॉड साफ करताना आतडी टाकावीत तसं
न बघता.

पण तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती,
तिथं आता शून्य.
ओळीचं नाव: एल्स्पा.
जुन्यात तिथं सात.

मी अकरा वर्षं मागे गेले.
चार. दोन. सात. एक. पाच. तीन.
कधी काहीच नाही.
सातच्या वर कधीच नाही.

बॉरडुरला दाखवलं.
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.
'सूलानवर आधी नऊ वाटे असायचे,' म्हणाला,
आणि दोर बघायला बाहेर गेला.
दोर ठीकच होते.

शुक्रवारी चढावरच्या शेवटच्या घराच्या कडीला
कुणीतरी पिशवी अडकवून जातं, हे मला माहीत होतं.
ती पिशवी कुठल्या भागाकारातून निघते
ते माहीत नव्हतं.

नव्यातही जमेल. एक तिरकी रेघ पुरे,
भागाकाराच्या रेघेशेजारी आणखी एक,
की तोही अपूर्णांक टाकून द्यायला शिकेल.
पण नव्या तक्त्यातली प्रत्येक ओळ तोर्सहाव्हनला जाते,
आणि प्रत्येक ओळीपुढे एक रकाना आहे:
कारण.

दोन-सात कारण विचारत नाही.
त्याच्या चुकीत हानुसनं एक खोली काढली होती
आणि दाराला नाव लावलं होतं, इतकंच.

एल्स्पा या हिवाळ्यात सत्तरीची झाली.
आमच्या बोलीत सत्तर म्हणजे साडेतीन विसा.
दोन-सात सात भागिले दोन तीनच धरेल,
आणि तिला साठच्या वर जाऊ देणार नाही.
न देवो.

मी कंस पुन्हा काढले.
चिठ्ठीत एक ओळ वाढवली: हलवू नये.
वारा उत्तरेचा आहे, 'सूलान' उशिरा आली,
हॅडॉक, नऊशे एकाहत्तर.

आज तीन उरले.