डाव्या हाताचा नळ

मडगावच्या दुकानात भिंतीवर एकशेचार नळ,
पाणी एकातही नाही.
मी मोजले, कारण विक्रेत्याचं बोलणं संपत नव्हतं:
हंसाच्या मानेचा, स्प्रिंगवाला, हात दाखवताच सुटणारा,
हा मॅट काळा, सध्या सगळे हाच नेतात, बाई.
उल्हास खुर्चीत बसून डाव्या हाताने
एकेक दांडी वर-खाली करत होता,
पूर्वी बार्जवर घेण्याआधी
नव्या खलाशाचा पंजा दाबून बघायचा, तसा.
पिळायचे नळ त्याने आधीच बाद केलेले.
मी त्यावर काही बोलले नाही,
किंमत विचारली.

केप्याला परत येताना बसमध्ये तो म्हणाला,
मासळी मीच साफ करणार.
बस्स, एवढंच. पुढे परोड्यापर्यंत झोपला.

मला सिंक खिडकीखाली हवं होतं.
तिथून लॉरेन्सांची बिंबलं दिसतात,
खोडालाच लगडलेली, हिरव्या बोटांसारखी,
आणि भांडी घासताना माणसाला
भिंतीशिवाय काहीतरी दिसलं पाहिजे.
इनास प्लंबरने चिऱ्यावर हात फिरवला,
कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.
"उदकाक उतार जाय, बाये. ताका जनेल दिसना."
म्हणजे सिंक जुन्या कोपऱ्यातच.
जुनी मोरी फोडली, खालचा बाक उघडला,
तर आत ओंजळभर वाळू,
इतक्या वर्षांच्या तिसऱ्यांची,
तेफळांच्या काळ्या बिया,
आणि एक शर्टाचं बटण, ज्याचा शर्ट आठवेना.

मग उंची.
माझी चौतीस इंच.
स्टुलावर बसलेल्या उल्हासची अठ्ठावीस.
त्याच्यासाठी मागल्या दारी वेगळं छोटं सिंक करू,
असं मी सुचवलं, मासळीपुरतं.
तो नळाचं माहितीपत्रक वाचत राहिला,
उलटं धरून.

शेवटी फ्रिजचं खोकं कापून
इनासने पुठ्ठ्याचं सिंक केलं, टेबलावर ठेवलं,
खाली विटा घालून वर-खाली करता येईल असं.
बस, म्हटला, काम कर.
उल्हास बसला.
उजवा हात उचलून काठावर ठेवला,
कागद उडू नये म्हणून ठेवतात वजन, तसा.
डाव्याने नसलेला बांगडा घेतला,
नसलेल्या विळीवर डोकं उतरवलं,
पोट फाडलं, आतडी काढली,
मनगटाने नसलेली दांडी उचलली
आणि धुतला, दोनदा,
मधे थांबून, माशी हाकलून.
इनासने टेप लावायचं सोडून दिलं होतं.
पूर्वी हे त्याच्या डाव्या हाताचा मळ.
आता अख्ख्या डाव्या हाताचं काम.

एकतीस ठरली.
दोघांच्याही उंचीची नाही.
दांडी डावीकडे. विहिरीच्या पाण्याचा दुसरा नळ
माझ्या बाजूला, साधा, पितळी,
जुन्या मोरीचाच धुऊन लावलेला,
कारण कढीला मला तेच पाणी लागतं.
हंसाची मान जरा जास्तच लांब निघाली;
पाणी वरून पडतं, तळावर आपटतं,
उल्हासच्या बनियनवर येतं.
तोंडाला मलमलची चिंधी बांधली आहे.
साडेसहा हजारांचा नळ,
दात दुखत असल्यासारखा दिसतो.

बुधवारी पों पों करत मासळीवाला आला.
सहा बांगडे, चाळीस मिनिटं.
मी कांदा चिरत पाठ करून उभी,
मोजत नव्हते, घड्याळ समोरच होतं.
जेवायला अडीच वाजले.
खवला एक मिळाला घासात,
मी ताटाच्या कडेला लावला.

वाकून वाकून माझी कंबर धरते.
त्याचा खांदा रात्री ठणकतो, कुशीवर कळतं.
परवा इनासचा फोन आला, बाकी पैशांसाठी,
आणि जाता जाता विचारलं,
"उंची बरी जाली न्ही?"
फोन स्पीकरवर होता.
बरी, आम्ही म्हटलं,
दोघांनी एकदम.