चौकटींचा कागद

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
माझं काम एवढंच : रेघ पाहणं.
केसाएवढी जरी ढळली
तरी अख्खा ताव बाजूला.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी
जेलरोडचे विजेचे खांब कमरेत वाकले,
बाथरूमच्या टाइल्सना पोट आलं
आणि मी गवंड्याशी फोनवर भांडलो.
बिचारा ओळंबा घेऊन आला.
म्हणाला, काका, भिंत सरळ आहे.

डॉक्टर गायधनींनी पडद्यावर पडदा दाखवला,
माझ्याच डोळ्याचा. त्यावर चढलेला पापुद्रा,
कांद्याचा पापुद्राही त्याच्यापुढे गोधडी.
तो आकसला, आणि खालचं सगळं चुणलं.
"काढू," म्हणाल्या,
जणू दुधावरची साय.

काढला. मला जाग होती.
चिमट्याची सावली दिसली,
हौदाच्या तळाशी कुणी
हरवलेली सुई शोधावी तशी.

वाटलं होतं, पट्टी निघेल
आणि जग इस्त्री होऊन येईल.
पट्टी निघाली. खांब तसेच.
"चूण पडायला वर्षं लागली ना?
उलगडायला महिने द्या."

तेव्हापासून फ्रिजवर तो कागद,
चौकटीच चौकटी, मधोमध टिंब.
चहाआधी डावा डोळा तळहाताने झाकायचा
आणि रेघांची चौकशी करायची.
श्रावणात मधल्या चार ओळी
भाजलेल्या पापडासारख्या.
दसऱ्याला पापड जरा सादळला.
मार्गशीर्षात, हात खिशाबाहेर काढवत नव्हते
अशा एका सकाळी
मी शालनला ओरडून बोलावलं :
ही बघ, ही सरळ झाली!
ती म्हणाली, ती पहिल्यापासून सरळच आहे.
आणि गॅसकडे गेली. मग परत आली,
माझ्या शेजारी उभी राहून
स्वतःचा एक डोळा झाकून बघत राहिली.

निरोगी पडद्याला मधोमध खळगा असतो म्हणे.
माझा बुजला होता.
परवाच्या स्कॅनमध्ये तो किंचित परत आलेला,
आळ्यातलं पाणी जिरल्यावर
माती खाली बसते, तेवढाच.
रिक्षा न करता
बिटकोपर्यंत चालत आलो.

टिंबाच्या उजवीकडचा एक बाक
राहणार आहे बहुधा.
नोकरीत असतो
तर हा ताव नापास केला असता.

आणि शालन, तुला सांगितलं नाही,
त्या डोळ्याने तू अजून
थोडी मोठी दिसतेस.
हे जाईल का, असं
डॉक्टरांना मी विचारलेलं नाही.