उपवन, रविवार, सव्वासात

गुप्त्यांनी हेरल्ड विकली दिवाळीआधी.
तरी येतात. रिक्षाने.
तळ्याच्या कठड्याशी रांग लागते:
लोपीसची मॉरिस, माझी बासष्टची फियाट,
मधे एका गाडीची जागा
कुणी न सांगता मोकळी.

तिथे ते उभे, खांद्यावर पिवळं फडकं.
कटिंगचा ग्लास बॉनेटवर टेकवायला
हात जातो पुढे,
आणि हवेतच राहतो.

येऊरला जायचं ठरतं.
फियाट खोकते, गप्प होते.
प्लग की पॉइंट, यावर वाद रंगतो
तोवर गुप्त्यांनी डिकीला खांदा लावलेला.
"दुसऱ्यात टाक गं. सांगेन तेव्हाच क्लच सोड."

आरशात धूर,
धुरात फडकं हलवणारे गुप्ते,
लहान, आणखी लहान.
परत फिरून घ्यायला हवं त्यांना.
पण आत्ता थांबले
तर पुन्हा बंद पडेल.